ताप गेला, थकवा राहिला: चिनी काढे घेताना या चुका टाळा

सिंगापूरमध्ये चिनी वैद्याला 'सिनसेह' म्हणतात. येथे नोंदणीकृत सिनसेह म्हणून काम करताना माझ्याकडे येणाऱ्या मराठी मंडळींपैकी बहुतेकांची तक्रार एका वाक्यात मावते: ताप जाऊन दोन-तीन महिने झाले, तपासण्यांत काही निघत नाही, पण अंगात त्राण नाही. कोणाचा कोरडा खोकला हटत नाही, कोणाला जिना चढताना धाप लागते, कोणाची अन्नावरची वासना गेलेली असते, तर कोणाची झोप. हे कोविडनंतर होते, डेंग्यूनंतर होते आणि साध्या फ्लूनंतरही होते.

अशा रेंगाळलेल्या तक्रारींवर चिनी औषधांचा उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे, आणि ते सांगूनच मी पुडी हातात देते. तरीही औषध वाया गेले किंवा बाधले, तर त्याचे कारण मला बहुतेक वेळा औषधात नव्हे, ते घेण्याच्या घाईत सापडते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा निस्तरून कंटाळा आला, म्हणून हा लेख.

थकवा दिसला की जिनसेंग

ही माझी सर्वांत नावडती चूक. माणूस थकला आहे, म्हणजे त्याला शक्तीचे औषध हवे, हा तर्क इतका सरळ वाटतो की त्यावर कोणी थांबून विचारच करत नाही.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतले एक गृहस्थ आले होते. कोविड होऊन नऊ आठवडे झाले होते. कार्यालयातल्या चिनी सहकाऱ्याने आपुलकीने सुचवले, म्हणून त्यांनी जवळच्या मेडिकल हॉलमधून, म्हणजे चिनी औषधांच्या दुकानातून, जिनसेंग आणि हुआंगची या मुळीच्या चकत्या आणल्या आणि दोन्ही कोंबडीच्या सुपात घालून रोज रात्री प्यायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी थकवा होता तिथेच होता. शिवाय डोके ओले फडके गुंडाळल्यासारखे जड, तोंड कडू, पोट फुगलेले आणि झोप नाही. प्रमाण कमी पडते आहे असे वाटून त्यांनी चकत्या दुप्पट केल्या होत्या, हे त्यांनी जरा अभिमानानेच सांगितले. मी जीभ पाहिली. मधोमध पिवळट, जाड, चिकट थर होता, खरवडला तरी निघणार नाही असा.

हा थर म्हणजे आमच्या भाषेत 'ओला उष्मा' अजून शरीरात मुक्कामाला असल्याची खूण. अशा वेळी बल देणारी, धरून ठेवणारी औषधे दिली, तर त्यांचे बळ रोग्याऐवजी रोगाला मिळते. चिनी वैद्य याला दार लावून चोराला घरात कोंडणे म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकात होऊन गेलेले वैद्य ये त्यानशी यांनी उष्ण ज्वरांविषयी सांगताना बजावले होते की चुलीचा धूर थांबला तरी राखेत विस्तव असतो. चुलीवर स्वयंपाक केलेल्या कोणत्याही आजीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मी जिनसेंग, हुआंगची आणि सूप, तिन्ही बंद केले. 'तीन बियांचा काढा' म्हणून एक हलका, सुगंधी योग आहे. त्यात कडू जर्दाळूच्या बिया, पांढरी वेलची आणि यीयीरेन नावाचे बार्लीसारखे दिसणारे धान्य हे मुख्य असते. त्याचीच थोडी बदललेली मात्रा मी दिली. पहिले पाच दिवस काहीच घडले नाही आणि गृहस्थ नाराज झाले, कारण त्यांना 'स्ट्राँग' काहीतरी हवे होते. दहाव्या दिवशी डोके हलके झाले, पोट साफ होऊ लागले आणि जिभेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या. हुआंगची मी दिली ती पाचव्या आठवड्यात, आणि तीही रोज फक्त नऊ ग्रॅम.

याचा अर्थ आजारानंतर बल्य औषध देऊच नये, असा नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग यांनी ज्वर ओसरल्यानंतरच्या अशक्तपणासाठी बांबूची पाने आणि जिप्सम यांचा जो काढा लिहून ठेवला, त्यात उरलेली उष्णता काढणारे जिप्सम हे खनिज आहे आणि त्याच्याच जोडीला जिनसेंग व मूठभर तांदूळही आहेत. पण तो काढा ओठ-तोंड कोरडे पडलेल्या, कृश झालेल्या, मळमळणाऱ्या रोग्यासाठी आहे. जाड चिकट थराच्या जिभेसाठी नाही. झाडायचे किती आणि भरायचे किती, हे प्रत्येक माणसात वेगळे ठरते. सूप पिण्याआधी निदान जीभ तरी कोणाला दाखवावी, एवढेच माझे म्हणणे.

जीभ दाखवायला येणार असाल, तर सकाळी दात घासताना ती खरवडू नका आणि हळदीचे दूध पिऊन येऊ नका. हळदीने रंगलेली जीभ पाहून मी एकदा एका मुलीला उष्णतेचे औषध लिहिण्याच्या बेतात होते.

डबीतले ज्येष्ठमध

ही चूक रोग्याची जितकी, तितकीच माझी.

एका परिचितांच्या सासूबाई पुण्याहून येथे राहायला आल्या होत्या. वय साठीच्या पुढे. फ्लूनंतर दीड महिना कोरडा खोकला, घसा सुकलेला, जीभ लाल आणि जवळजवळ थर नसलेली. हे लक्षण फुप्फुसाचा ओलावा आटल्याचे, आणि माय मेन डोंग या कंदाचा काढा त्यावर चपखल बसतो. मी रक्तदाबाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी एक गोळी चालू असल्याचे सांगितले. ती लघवी वाढवणारी गोळी होती. काढ्यात गानत्साओ हे द्रव्य रोज सहा ग्रॅम होते. मी गोळीची नोंद केली आणि बेतशीर मात्रा आहे असे समजून पुढे गेले.

बाराव्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला. खोकला निम्म्याने कमी झाला होता. मात्र पायांवर सूज होती, रात्री पोटऱ्यांत वांब येत होते आणि रक्तदाब नेहमीपेक्षा बराच चढला होता. थकवाही वाढला होता, आणि तो 'आजारपणाचाच' म्हणून घरच्यांनी मनावर घेतला नव्हता. मी त्यांना त्याच दुपारी डॉक्टरांकडे पाठवले. रक्तात पोटॅशियम २.९ निघाले, जे निदान ३.५ असायला हवे.

संध्याकाळी मी घरी गेले आणि त्या काय काय घेतात ते सगळे टेबलावर मांडायला सांगितले. पर्समधून ज्येष्ठमधाच्या कांड्यांची डबी निघाली, कारण खोकल्याची उबळ आली की त्या एक कांडी चघळत. स्वयंपाकघरातून ज्येष्ठमध आणि सितोपलादी चूर्णाचे मिश्रण निघाले, जे त्या दिवसातून तीनदा मधातून चाटत. शिवाय घसा मोकळा करणाऱ्या ज्या गोळ्या होत्या, त्यांच्यातही ज्येष्ठमध होतेच. आणि चिनी गानत्साओ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून ज्येष्ठमधच.

ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते. हा विकर एरवी कॉर्टिसोल या संप्रेरकाला निष्प्रभ करत असतो. तो अडला की कॉर्टिसोल मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखे वागू लागते, म्हणजे मीठ-पाणी धरून ठेवले जाते आणि पोटॅशियम वाहून जाते. लघवी वाढवणारी गोळी पोटॅशियम आधीच बाहेर काढत असते, त्यात ही भर. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हेच प्रकरण जिवावर बेतू शकते. सासूबाईंच्या डॉक्टरांनी ज्येष्ठमधाचे सर्व प्रकार बंद केले, पोटॅशियम दिले, आणि काही आठवड्यांत त्या पूर्ववत झाल्या.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. 'दुसरे काही औषध घेता का?' हा प्रश्न मी विचारतच नाही, कारण मराठी घरात काढा, चूर्ण, लेह, मध-हळद यांना कोणी औषध मानतच नाही. त्याऐवजी मी म्हणते, घरातली पिशवी उचला, डब्या, पुड्या, बाटल्या सगळ्या तिच्यात भरा आणि घेऊन या. वॉरफरिन घेणाऱ्यांची पिशवी मी दोनदा तपासते, कारण डानशेन आणि डांगग्वेइ या आमच्या नेहमीच्या मुळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवतात. आणि ॲलोपॅथीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून 'आता फक्त नैसर्गिक' असे मला कौतुकाने सांगणाऱ्यांना मी आधी ती गोळी पुन्हा सुरू करायला लावते.

रोगाच्या नावावर औषध

'लाँग कोविडसाठी कोणता काढा?' या प्रश्नाला उत्तर नाही. चिनी वैद्यक रोगाचे नाव पाहून औषध देत नाही, आज या शरीरात काय बिघडलेले आहे ते पाहून देते. जपानमध्ये याचा धडा महागात शिकावा लागला. श्याओ छाय हू टांग हा झांग झोंगजिंग यांचाच काढा तिथे शोसाइकोतो या नावाने यकृताच्या जुनाट दाहावर सरसकट दिला जात होता. त्यातून काहींना फुप्फुसांचा गंभीर दाह झाला, आणि १९९६ साली सरकारला १० मृत्यूंची नोंद घेऊन इशारा द्यावा लागला. आजही आजारानंतरच्या मळमळीवर आणि कधी अंग तापणाऱ्या तर कधी थंडी वाजणाऱ्या रोग्यावर मी हाच काढा देते, पण थोडे दिवस आणि नजरेखाली. कोरडा खोकला आणि धाप वाढू लागली, तर तो त्याच दिवशी थांबतो.

म्हणूनच माझ्या चिठ्ठीचा फोटो काढून नागपूरच्या भावाला पाठवू नये. त्याची जीभ मी पाहिलेली नाही.

आता काही गोष्टी थोडक्यात. काढा कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन करायचा नसतो. तो अर्धा तास भिजवून, मातीच्या, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर उकळायचा. ॲल्युमिनियम आणि लोखंड नको. जिप्सम असेल तर ते वीस मिनिटे आधी, पुदिना असेल तर तो शेवटची पाच मिनिटे. पुड्यांवर मी तसे लिहूनच देते, तरी लोक सगळे एकदम ओततात आणि मग गुण नाही म्हणून येतात. तीव्र आजारासाठी बनलेल्या ल्यानह्वा छिंगवेनसारख्या कॅप्सूल आजार गेल्यावर महिनोन्महिने घेऊ नयेत. त्यांच्यात माहुआंग असते, म्हणजे एफेड्रा, जे नाडी आणि रक्तदाब वाढवते. पहिल्या वेळी मी पाच दिवसांपेक्षा जास्त औषध देत नाही आणि थांबण्याची तारीख पुडीवर लाल शाईने लिहिते.

अनोळखी विक्रेत्याकडून सुट्या मुळ्या मागवणे मला मुळीच मान्य नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या औषधात हानफांगजी या मुळीऐवजी नावाने जवळची ग्वांगफांगजी गेली, आणि तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा बिघडली. दोन रुपये वाचवायचे असतील तर ते दुसरीकडे वाचवावेत.

छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, एकाच पायावर सूज येणे किंवा वजन उतरत जाणे, यांवर कोणताही काढा घेऊ नये, थेट डॉक्टरांकडे जावे. भारतात असाल आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर आधी थुंकीची तपासणी. क्षयाचा खोकलाही सुरुवातीला 'फ्लूनंतरचा' वाटतो.

आणि शेवटी जेवण आणि श्रम. झांग झोंगजिंग यांनी आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाला संध्याकाळी होणाऱ्या किंचित तगमगीचे कारण एका ओळीत दिले आहे: घरच्यांनी त्याला बळेच खाऊ घातलेले असते. उपाय औषध नाही, अन्न कमी करणे. 'खा, अंगाला लागेल' म्हणणाऱ्या आपल्या घरांत ही ओळ मी वारंवार वाचून दाखवते. श्रमाने आजार उलटण्याला चिनी वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, 'लाओफू'. मघाचे जिनसेंगवाले गृहस्थ सहाव्या आठवड्यात इतके ताजेतवाने झाले की ईस्ट कोस्ट पार्कमध्ये सात किलोमीटर धावून आले. त्यानंतर ते आठ दिवस अंथरुणाला खिळले, आणि पुन्हा सुरुवात केली ती घराखालच्या दोन फेऱ्यांपासून, सायंकाळी, हातात छत्री घेऊन.