टर्बो डिझेल टिपरचा एअर फिल्टर सुधारताना

खडी-क्रशरवर चालणाऱ्या टिपरसाठी तेल लावलेल्या कापडी फिल्टरच्या मागे न लागता, प्राथमिक (बाहेरचे) आणि सुरक्षा (आतले) अशी दोन एलिमेंट, म्हणजे हवा गाळणारे भाग, असलेला कोरडा कागदी फिल्टर व त्याच्या तोंडाशी प्री-क्लीनर (जाड धूळ आधीच वेगळी करणारा भाग) बसवणे शहाणपणाचे ठरते. कारण इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या, अतिवेगाने फिरणाऱ्या कॉम्प्रेसर व्हीलची पाती बारीक धुळीने झिजतात.

इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. झाकण काढून बाहेरचे एलिमेंट धूळ न सांडता ओढून घ्यावे आणि आतले जागेवरच ठेवून डबा ओलसर कापडाने पुसावा. एअर कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत येथे मुळीच मारू नये. त्यानंतरच आतले एलिमेंट काढून टर्बोकडे जाणाऱ्या होजमध्ये बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली, तर सील, क्लॅम्प किंवा होज यांपैकी काहीतरी गळते आहे, आणि ते दुरुस्त केल्याविना महागडा फिल्टरही व्यर्थ आहे.

नवे एलिमेंट मधोमध न दाबता कडेवर सारखा दाब देऊन बसवावे. धूळ बाहेर टाकणारी रबरी झडप खालच्या दिशेला राहील, असे झाकण लावावे. शेवटी रिस्ट्रिक्शन इंडिकेटर (फिल्टर तुंबल्याचे दाखवणारा दर्शक) रीसेट करावा. तो पुन्हा लाल झाल्यावर, म्हणजे अनेक इंजिनांत सुमारे 635 मिलीमीटर जलस्तंभाइतका (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका) अडथळा आल्यावर, फिल्टर बदलावा. टायरवर आपटून फिल्टर ‘साफ’ करण्याची चालकांची सवय मात्र मोडावी, कारण त्याने कागदाच्या घड्या फाटतात.