नवीन अलॉय टाकल्यावर हायवेला स्टेअरिंग थरथरतंय? आधी मधलं भोक मोजा

गावात फिरताना काहीच कळत नाही. सात रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रोड, कुठं पण फिरवा, गाडी एकदम मस्त. बाळे सोडून पुणे हायवेला लागलं, काटा ८५ च्या पुढं गेला की स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू होते, ९५ ला हात मुंग्या आल्यासारखे होतात, आणि ११० च्या आसपास परत कमी. माझ्या स्विफ्टला १५ इंची अलॉय टाकले तेव्हा अगदी हेच झालं. जिथून घेतले तिथं तीनदा बॅलन्सिंग (वजनं चिकटवून चाक सगळीकडून सारखं करणं) करून घेतलं, दोनदा अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ जुळवणं) केली, मशीनवर प्रत्येक वेळी शून्य-शून्य, आणि मोहोळपर्यंत जाऊन आलो की थरथर तशीच. शेवटी कारण सापडलं ते एका रिंगमध्ये, जी दुकानात कुणी बसवलीच नव्हती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, पैसे घालवायच्या आधी घरच्या घरी काय काय तपासता येतं ते.

सगळ्यात आधी थरथर नीट ओळखा. सोबत कुणाला तरी घेऊन जा, तुम्ही चालवा आणि त्यानं मोबाईलमध्ये लिहून ठेवायचं, एकट्यानं काटा बघत बसू नका. चौपदरी हायवेला कारला १०० ची मर्यादा आहे आणि त्याच्या आत सगळं कळतं, जास्त पळवायची गरजच नाही. पहिले आठ-दहा किलोमीटर सोडून द्या, कारण गाडी चार-पाच दिवस एका जागी उभी असली तर टायर खालून थोडा चपटा बसतो आणि गरम झाल्यावर आपोआप गोल होतो. निघायच्या आधी हवा पण चारी चाकांत कंपनीनं सांगितलेली आहे का बघा, थंड टायरला.

आता लिहून काय ठेवायचं. थरथर स्टेअरिंगला आहे का सीटला? हातात जाणवली तर बहुतेक वेळा पुढची चाकं, सीटखाली किंवा पायाखालच्या पत्र्याला जाणवली तर मागची. ठराविक स्पीडलाच येते आणि पुढं कमी होते का? मग चाकाचा विषय, म्हणजे बॅलन्स किंवा चाक मधोमध न बसणं. ३०-४० लाच स्टेअरिंग डावीकडं-उजवीकडं डुलतंय का? मग रिम वाकलेली किंवा टायरला फुगा. फक्त ब्रेक मारल्यावरच येते का, उदाहरणार्थ तुळजापूरचा घाट उतरताना? तर ब्रेकची डिस्क बघा, अलॉयला दोष देऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढते आणि सोडला की लगेच जाते, तर ड्राईव्हशाफ्टचा (इंजिनचा जोर चाकाला देणारा दांडा) आतला जॉइंट. एवढ्या चार-पाच प्रश्नांवर अर्धं काम होतं, आणि दुकानात गेल्यावर नुसतं "गाडी हलतीय" सांगण्यापेक्षा हे सांगितलं की समोरचा माणूस पण वेगळ्या पद्धतीनं बघतो.

एक गोष्ट ठासून सांगतो, अलाइनमेंटनं थरथर जात नाही. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो, स्टेअरिंग वाकडं राहतं. नवीन चाकं टाकल्यावर अलाइनमेंट करून घ्या जरूर, पण थरथरीवरचा इलाज म्हणून कुणी तेच बिल लावत असेल तर आधी कारण विचारा.

यानंतरची टेस्ट मला सगळ्यात खात्रीची वाटते. जुनी चाकं विकायच्या आधी ती परत बसवून बघा. जुन्या चाकांवर त्याच रस्त्याला त्याच स्पीडला गाडी शांत पळाली तर गाडीत दोष नाही, दोष नवीन चाकांत किंवा त्यांच्या बसवण्यात आहे. जुनी चाकं दिली असतील तर पुढची दोन मागं आणि मागची दोन पुढं करा, डावी डावीकडंच आणि उजवी उजवीकडंच ठेवा. थरथर हातातून सीटमध्ये गेली की समजायचं, त्या दोन चाकांपैकीच एक आहे. काहीच फरक पडला नाही तर चारी चाकांना सारखाच काहीतरी प्रॉब्लेम आहे, आणि तो बहुतेक पुढं सांगतोय तोच असतो.

गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्याच्यावर नटांनी बसतं त्या भागाला, मधोमध एक गोल उंचवटा असतो. कंपनीच्या रिमचं मधलं भोक त्या उंचवट्यावर घट्ट बसतं, आणि तिथंच चाक आपोआप सेंटरला येतं. स्विफ्ट, बलेनो, आय२० यांचा हा उंचवटा ५४.१ मिमी, ब्रेझाचा ६०.१, क्रेटाचा ६७.१. बाहेरचे अलॉय मात्र बनवणारा एकच साईज दहा गाड्यांना चालावी म्हणून भोक मोठं ठेवतो, ६७.१ किंवा ७३.१ असं. मग ५४.१ च्या हबवर ६७.१ चं भोक म्हटल्यावर चारी बाजूंनी साडेसहा मिमी मोकळं. ही जागा भरायला मध्ये हब रिंग लागते, बाहेरून ६७.१ आणि आतून ५४.१. ती नसली तर चाक फक्त नटांच्या भरवशावर सेंटर होतं, आणि नट हवेच्या गनने धाडधाड मारले तर ते अर्धा मिमी इकडं-तिकडं बसणारच.

आता अर्ध्या मिमीनं काय होतंय असं वाटेल. टायरसकट चाक सोळा किलोचं धरा. ते अर्धा मिमी सरकून बसलं तर रिमच्या कडेला साधारण ४० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त चिकटवल्यासारखं होतं. आणि १०० च्या स्पीडला आपल्या साईजचं चाक सेकंदाला जवळपास १४ वेळा फिरतं, त्या वेळी नुसते २० ग्रॅम सुद्धा तीन किलोच्या जोरानं चाक ओढतात. म्हणजे ४० ग्रॅमचे सहा किलो, सेकंदाला १४ झटके, तेच तुमच्या हातात येतात. आणि बॅलन्सिंग मशीनवर हे का दिसत नाही, तर मशीनवर चाक कोनवर, म्हणजे शंकूसारख्या तुकड्यावर बसतं, कोन त्याला बरोबर सेंटर करतो, म्हणून तिथं शून्य. गाडीवर चढवलं की परत बाजूला. मशीन खोटं बोलत नसतं, ते गाडीचा हब बघतच नाही. माझी तीन बॅलन्सिंगची बिलं यातच गेली.

तपासायचं असं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, मग जॅक. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालू नका. चाक काढा, उलटं करून जमिनीवर ठेवा (खाली पोतं टाका, पेंट जातो) आणि मधलं भोक व्हर्नियरनं (मिमीचा बारीक भाग मोजायची सरकती पट्टी) मोजा, मग हबचा उंचवटा मोजा. व्हर्नियर नसेल तर वेगळ्या पद्धतीनं बघता येतं, अलॉयची मधली टोपी काढा आणि चाक गाडीवर असतानाच मोबाईलचा टॉर्च आत मारा. मी मारला तेव्हा हब आणि रिममध्ये गोल सगळीकडं काळी फट दिसली. तिथंच कळलं.

रिंग तयार मिळतात, प्लास्टिकच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या. मापाची नाही मिळाली तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्याकडं करून घेता येते, मी तसंच केलं. हबचं आणि चाकाचं माप कागदावर लिहून नेलं, त्यानं विचारलं, "मालक, घट्ट पाहिजे का सैल?" सांगायचं ते असं की हाताच्या अंगठ्यानं दाबल्यावर बसली पाहिजे, हातोडी लागता कामा नये, आणि बसल्यावर हलता कामा नये. आतल्या कडेला थोडा उतार ठेवायला सांगा, कारण हबच्या मुळाशी बारीक गोलाई असते, तिथं रिंग अडली तर चाक पूर्ण आत बसत नाही. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर बसवताना अगदी बारीक ग्रीसचा हात फिरवा, नाहीतर वर्षभरानं ती हबला धरून बसते आणि पंक्चर काढायच्या वेळी चाक निघत नाही. ग्रीस नटाला आणि स्टडला (हबवरचे बोल्ट, ज्यांच्यावर नट बसतात) मात्र लावायचं नाही. आणि हे पण समजून घ्या, रिंग गाडीचं वजन पेलत नाही, ती फक्त चाक मधोमध धरते, चाक घट्ट राहतं ते नटांमुळंच.

चाक काढलंच आहे तर हबचा चाकाला टेकणारा सपाट भाग बघा. गंजाचे पोपडे, जुनी माती, डिस्कवर राहिलेला एखादा खडा, यातलं काहीही मध्ये आलं की चाक तिरपं बसतं. वायर ब्रशनं घासा, पॉलिश पेपर फिरवा, रिमची मागची बाजू फडक्यानं पुसा. आपल्याकडची काळी माती हा वेगळाच विषय आहे, पावसात शेताच्या रस्त्यानं जाऊन आलं की रिमच्या आत चिखल चिकटतो आणि वाळला की दगडासारखा होतो, एकाच बाजूला. नवीन अलॉय पावसाळ्यात थरथरायला लागले तर आधी प्रेशरनं आतून धुवून घ्या, कित्येकदा एवढ्यावरच भागतं.

मग नट. कंपनीचे नट अलॉयला चालतीलच असं नाही. बाहेरच्या अलॉयला बहुतेक ६० अंशाच्या कोनाचे, म्हणजे निमुळत्या बसणीचे नट लागतात, होंडाचे कंपनीचे नट गोल बसणीचे असतात, ते कोनाच्या खाचेत लावले तर नीट टेकत नाहीत. आवळलेले वाटतात पण टेकलेले नसतात, हे धोक्याचं आहे. पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, पण बघा, ४ बाय १०० च्या (चार नट, १०० मिमी) गाडीवर ४ बाय ९८ चं चाक ओढून-ताणून बसतं, स्टड तिरपे ताणले जातात, असं चाक एक मिनिट पण वापरू नका, परत करा. दुकानदार "बसतंय की" म्हणेल, ऐकू नका.

नट बसवायची पद्धत अशी. चाक हवेत असताना चारी नट हातानं लावा, चाक जरा हलवत हलवत, म्हणजे ते आपोआप जागेवर येतं. मग पान्यानं समोरासमोरचे हलके आवळा, गोल फिरत नाही, नेहमी समोरासमोर. मग गाडी खाली घ्या आणि टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) शेवटचं आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरा. गन फक्त खोलायला वापरायला सांगा. टायरच्या दुकानात हे सांगताना संकोच वाटतो मला माहितीय, पण सांगा.

हे सगळं करून पण थोडी थरथर राहिली तर आता बॅलन्सिंगची पाळी. समोर उभं राहून करून घ्या. आधीची सगळी चिकट वजनं काढायला लावा, त्यांच्यावरच नवीन वजनं लावत गेलं की हिशोब चुकतो. कोन शक्यतो चाकाच्या मागच्या बाजूनं, कारण हबला टेकणारी बाजू तीच. रिम आतून पुसून मगच वजन चिकटवायचं, धुळीवर चिकटवलं तर आपल्या उन्हाळ्यात ४२-४३ ला ते कधी गळून पडलं कळत पण नाही (जिथून पडलं तिथं चिकट पट्टीचा चौकोन राहतो, तो शोधा). आणि शून्य आल्यावर चाक सैल करा, पाव फेरा फिरवून परत आवळा आणि मशीन परत फिरवायला लावा. दुसऱ्यांदा १५-२० ग्रॅम दाखवलं तर चाक मशीनवरच नीट बसलेलं नव्हतं, आधीचं शून्य काही कामाचं नाही.

एका चाकाला ८०-१०० ग्रॅम लागत असतील तर थांबा, तिथं वजन वाढवून उपयोग नाही. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत बसवा, कित्येकदा वजन निम्म्यावर येतं. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वसमोर घ्यायचा, ती टायरची हलकी बाजू असते. चाक मशीनवर हळू फिरत असताना रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक धरून बघा, अंतर कमी-जास्त होतंय का. एक मिमीच्या वर हललं तर रिम वाकलीय, आणि वाकलेल्या रिमला बॅलन्सिंग हा उपाय नाही. तडा दिसला तर वेल्डिंग करून पुढं लावू नका, चाकच बदला. टायरच्या बाजूच्या भिंतीवर हात फिरवा, फुगा लागला तर त्या टायरवर हायवेला जायचं नाही. वापरलेले टायर अलॉयसकट घेतले असतील तर चार आकडी तारीख वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

गाडीची बाजू शेवटी. चाक हवेत असताना घड्याळातले ९ आणि ३ धरून हलवा, खटखट आली तर टायरॉड (स्टेअरिंगपासून चाकाला जोडणारा दांडा). १२ आणि ६ धरून हलवा, खेळ आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात) रबरी बुश गेलेले असतील तर थोडीशी थरथर पण मोठी वाटते. अलॉय जास्त बाहेर काढलेले असतील, म्हणजे ईटी (रिमवर लिहिलेला आकडा, कमी असला की चाक बाहेर येतं) कंपनीपेक्षा बरीच कमी किंवा स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती) टाकलेले, तरी तेच होतं, बेअरिंगला पण ताण जास्त. दिसायला भारी वाटतं खरं, पण मी स्पेसर कुणालाच सांगणार नाही.

माझ्या गाडीला चार रिंगा बसल्या, एकेक अंगठ्यानं दाबली, चाक चढवलं तर ते हात सोडल्यावर पण हबवर तसंच थांबलं, आधी ते खाली झुकायचं आणि नट लावताना पायानं उचलून धरावं लागायचं. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. संध्याकाळी मोहोळपर्यंत जाऊन आलो, ९५ ला दोन बोटांनी स्टेअरिंग धरलं, शांत.

नट दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर परत टॉर्क पान्यानं बघितले, एक थोडासा फिरला. १०० किलोमीटर झाल्यावर परत बघितले, चारी चाकांचे, तेव्हा एकही हलला नाही.