डेल्कोतली ढिली स्प्रिंग

साताऱ्यात जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये शिकायला लागलो, तेव्हा टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) म्हणजे डेल्को जरा इकडे, जरा तिकडे, एवढंच मला माहीत होतं. (डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाला, आपल्याकडे डेल्कोच म्हणतात, मग तो लुकास कंपनीचा का असेना.)

एका ॲम्बेसेडरचा डेल्को खोलला. पॉइंटच्या प्लेटखाली दोन वजनं, दोन स्प्रिंगा. एक बारीक, ताठ. दुसरी जाड, पण तिची कडी लांबट, खुंटीवर डगडगणारी. म्हटलं, ही ताणून मेली. डब्यातली एक बारीक बसवली. जोडी कशी छान दिसली! आयडलला गाडी झकास.

तिसऱ्या दिवशी मालक परत. यवतेश्वरच्या घाटात इंजिन टिकटिकतंय. मी टायमिंग मागं घेतलं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडली. टिकटिक गेली, पिकअपही गेला, आणि घाट अर्धा चढेस्तोवर पाणी उकळलं. मग मी व्हॅक्युमची डबी (इंजिनच्या ओढीनं ठिणगी आधी पाडणारी) बदलायला निघालो.

मेस्त्री म्हणाले, "टिकटिक सपाटीला की चढाला?"

"चढाला."

"मग डबीचा काय संबंध?"

चढाला पाय दाबला की थ्रॉटल उघडतो, व्हॅक्युम कमी होतो आणि डबीचा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी पाडणं, आपोआप निघून जातो. उरतो वेगाबरोबर फाकणाऱ्या वजनांचा. मिश्रण जळायला २ मिलिसेकंद धरा. तेवढ्यात ८०० आरपीएमला क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) १० अंशही फिरत नाही, ३००० ला ३६ अंश फिरतो. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते. सुरुवातीला बारीक स्प्रिंग एकटीच वजनं धरते; वजनं थोडी फाकली की जाड स्प्रिंगचा ढिलेपणा संपतो आणि ती आवर घालते. ढिलाई मुद्दाम ठेवलेली. मी आवरच काढून टाकला होता, म्हणून ठिणगी फार आधी पडून इंजिन टिकटिकत होतं.

तेव्हा टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावताना व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, पण आयडलला पुलीवरची खूण जुळली म्हणून थांबू नका. रेस हळूहळू वाढवा. खूण झटक्यात पळाली तर स्प्रिंगा बघा, हललीच नाही तर वजनं अडकलीत. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे डेल्कोचे १० अंश म्हणजे क्रँकचे २०. मॅन्युअल वाचताना इथं हमखास घोळ होतो. डबी तपासायला नळी तोंडानं ओढा, जीभ लावून धरा. प्लेट सरकून तिथंच राहिली तर डबी ठीक. पेट्रोलची चव येते, त्याला इलाज नाही.

जाड स्प्रिंग मी फेकली नव्हती. नट-बोल्टच्या डब्यात तळाशी सापडली.