दुकानाच्या नावाने अडवलेली बिलं

कोथरूडच्या आमच्या छोट्या ऑफिसातून रोज रात्री एका गिऱ्हाइकाला बिलांची एक्सएमएल फाइल जाते, म्हणजे टॅगच्या खुणांमध्ये माहिती मांडलेली साध्या मजकुराची फाइल. सोमवारी सकाळी फोन आला, "अहो, फाइल उघडतच नाही."

पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्रॅम, ४१२व्या ओळीवर अडला होता. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानाच्या नावात अँपरसँडचं चिन्ह (&) होतं. एक्सएमएलमध्ये ते नुसतं लिहिता येत नाही, आणि अशी एक चूक सापडली की पार्सरने पुढे जायचंच नाही, हा नियम १९९८च्या पहिल्या प्रमाणापासूनचा. ब्राउझर वेबपानांच्या एचटीएमएलमधल्या चुका सांभाळून घेतो, तसले लाड इथे नाहीत.

चूक माझीच. फाइल मी स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून बनवत होतो. आधी फाइंड-रिप्लेसने '&' च्या जागी '&' घातलं, तर अगोदर बदललेली चिन्हं पुन्हा बदलली गेली. सीडाटात, म्हणजे 'आतला मजकूर जसाच्या तसा घे' असं सांगणाऱ्या खुणांत, गुंडाळायचंही मनात आलं, पण ते फोडावर पट्टी लावण्यासारखं. शेवटी एक्सएमएल लिहून देणारा लायब्ररीचा तयार रायटर वापरला, एस्केपिंग, म्हणजे अशी चिन्हं बदलून लिहिणं, तोच करतो. अर्ध्या तासाचं काम!

तेवढ्यात जुनं कोडंही सुटलं. पत्ता मी ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगच्याच आत, कोंबला होता. तिथल्या नव्या ओळीची पार्सर स्पेस करून टाकतो, म्हणून चार ओळींचा पत्ता बिलावर एका ओळीत धावायचा. बिचाऱ्या प्रिंटरला उगाच शिव्या घातल्या. आता पत्त्याच्या प्रत्येक ओळीला वेगळा एलिमेंट, म्हणजे स्वतःची टॅगची जोडी, आहे.

'वस्तू१', 'वस्तू२' ही आकडे चिकटवलेली टॅगची नावंही खरं तर बदलायला हवीत, पण ती तशीच आहेत. गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम त्यांच्यावरच चालतो, आत्ता हात लावायची सोय नाही.