कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरचं ते काळं रबर कशासाठी असतं आणि कसं लावायचं

कॅननचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर गळ्यातल्या पट्ट्यावर एक छोटं काळं रबर ओवलेलं असतं बघा, बऱ्याच जणांना ते पट्ट्याचंच काहीतरी वाटतं. ते व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीचं, झाकण आहे. निकॉनच्या बऱ्याच बॉडींना डीके-५ नावाचं प्लास्टिकचं टोपण बसतं आणि डी८५०मध्ये तर व्ह्यूफाइंडरशेजारी खटकाच दिलाय, तो फिरवला की आतला पडदा बंद.

आता हे लागतं कशाला? डीएसएलआरमध्ये उजेड मोजणारा सेन्सर वर प्रिझमजवळ असतो. डोळा लावलेला असतो तोवर मागची वाट आपल्याच चेहऱ्याने बंद असते, पण टायमर लावायला आपण मागे सरकलो की तिथून उजेड आत शिरतो, कॅमेऱ्याला वाटतं समोर लख्ख आहे आणि फोटो काळपट येतो. संध्याकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर डेक्कनची बाजू मागे घेऊन ग्रुप फोटो लावलात तर मावळतीचं ऊन थेट व्ह्यूफाइंडरवरच येणार.

पटत नसेल तर घरी करून बघा, कॅमेऱ्याची पाठ खिडकीकडे करून ट्रायपॉडवर लावा, अपर्चर प्रायॉरिटी (शटर स्पीड कॅमेराच ठरवतो तो मोड) ठेवा, डोळा न लावता बटण अर्धं दाबून शटर स्पीड बघा आणि मग व्ह्यूफाइंडरवर अंगठा ठेवून परत बघा. आकडा बदललेला दिसेल.

लावायचं असं. आधी फ्रेम ठरवा आणि फोकस करा, कारण झाकण बसलं की आतून काही दिसत नाही. ग्रुपमधल्या कुणाला तरी जागेवर उभं करा, त्याच्यावर फोकस लॉक झाला की लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) सरकवा म्हणजे नंतर फोकस हलणार नाही. मग व्ह्यूफाइंडरभोवतीचा रबरी आयकप खालून वर ढकलून काढा (आणि लगेच खिशात टाका, टेकडीवरच्या गवतात काळा आयकप शोधणं म्हणजे वैताग), त्याच खाचेत झाकण वरून खाली सरकवा. टायमर १० सेकंद, बटण दाबताना कॅमेऱ्याच्या मागेच उभे रहा, लेन्ससमोर येऊन दाबलंत तर तुमची सावलीच मोजली जाईल. मग पळा!

मॅन्युअल मोडमध्ये एक्सपोजर तुम्हीच ठरवलेलं असतं त्यामुळे हा घोळ होत नाही, लाइव्ह व्ह्यूमध्येही (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना) नाही कारण आरसा वर असतो आणि उजेड मुख्य सेन्सरच मोजतो. पण एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून मिनिटभराचं एक्सपोजर देणार असाल तर झाकण लावाच, मागून झिरपलेला उजेड फोटोत डागासारखा येऊ शकतो. मिररलेसवाल्यांनी (बिनआरशाचा कॅमेरा असलेल्यांनी) हे सगळं विसरा, त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये छोटी स्क्रीन असते, उजेडाला आत जायला वाटच नाही.

झाकण हरवलं असेल तर काळी इन्सुलेशन टेप चालते, फक्त काचेला चिकटवू नका, आयकपच्या कडेवर लावा.