गटारीची बॅच: बाटली उघडण्याआधी तूस बघा

आषाढाचे चार पाऊस झाले की शहापूर-मुरबाडकडच्या कोंबडीवाल्यांचे फोन सुरू होतात. "पक्षी घरघर करतायत, कुठलं औषध सोडू?" मी विचारतो, शेडमध्ये पक्ष्यांखाली अंथरलेलं भाताचं तूस मुठीत दाबून बघितलंत का? की पलीकडे सामसूम.

मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर तूस ओलं. भुरभुर सुटला तर ठीक. दुसरी खूण पहाटेची. पडदे उघडायच्या आधी शेडमध्ये पक्ष्याच्या उंचीला उकिडवं बसा. डोळे चुरचुरले तर ओल्या तुसातल्या विष्ठेतून उठणारा अमोनिया वायू २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेलाय असं धरा. झडीला भिऊन पडदे रात्रभर गच्च बांधता, वायू आत कोंडतो, श्वासनळीचं अस्तर सोलवटतं आणि तुसातला ई. कोलाय हा जंतू पक्ष्याच्या फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत उतरतो. सलग तीन दिवस झड लागली की पाचव्या दिवशी घरघर. हा माझ्या वहीतला हिशेब आहे, पुस्तकातला नाही.

मग दुकानदार एन्रोफ्लॉक्सासिन हे जंतू मारायचं औषध (अँटिबायोटिक) देतो, सोबत हजाराचं लिव्हर टॉनिक. (टॉनिकवाल्याचं शेड कधी ओलं नसतं!) या औषधाची मात्रा किलो वजनाला रोज १० मिलिग्रॅम, ३ ते ५ दिवस. म्हणजे किलोभराच्या १००० पक्ष्यांना १० टक्क्यांचं द्रावण रोज १०० मिली. प्रत्यक्षात निम्मं सोडतात, तेही दोन दिवस. नाजूक जंतू मरतात, औषध पचवणारे उरतात. शिवाय तो गुण ते प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यांतून शेजारच्या साल्मोनेला या दुसऱ्या जंतूलाही देऊ शकतात. पुढच्या बॅचला तीच बाटली म्हणजे नुसतं पाणी, कारण जुनं तूस तिथंच असतं.

अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं. कोलिस्टिन हे दुसरं अँटिबायोटिक आपल्याकडे जुलै २०१९ पासून कोंबड्यांना बंद आहे. दवाखान्यात बाकी औषधं हरली की माणसाला तेच देतात. "वाढीची पुडी" म्हणून बिनलेबलचं काही हातात ठेवलं तर पक्कं बिल मागा. बहुतेक पुडी परत खिशात जाते.

या आठवड्याची कामं:
- पाणी प्यायच्या निपलखालची ओली ढेकळं रोज बाहेर, जागी कोरडं तूस
- पडदा वरून फूटभर उघडा, रात्रीसुद्धा
- पन्हळ, चर साफ
- टाकीत १००० लिटरला ६ ग्रॅम ब्लीचिंग. पाण्यातून लस द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून बंद

मर वाढली तर ताजा मेलेला पक्षी बर्फात घालून पशुवैद्यकाकडे न्या. आसनगावहून लोकलने परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही गाठता येतं. कुठलं औषध लागू पडतं ती चाचणी मागा, मग डॉक्टर सांगतील तेच, पूर्ण दिवस. एकदम ढीगच पडला तर मात्र पक्षी फाडू नका, हलवू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता.

गटारीला भाव चढतो म्हणून काल औषध पाजलेला पक्षी आज कल्याणच्या गाडीत चढवू नका. लेबलवर विक्रीआधी थांबायचे दिवस लिहिलेले असतात, तेवढे भरू द्या. आणि बॅच गेल्यावर ते तूस कच्चंच भेंडीच्या वाफ्यात टाकू नका, तेच जंतू त्यात असतात. झाकून ढीग लावा, आत हात घालवणार नाही इतका तापू द्या, उलथा, पुन्हा तापू द्या. भेंडी तोडायला तुमच्याच घरातली माणसं जातात.