जाहिरातीचा रोआस ३.९, तरी आंब्याच्या पेटीमागे तोटा

डिजिटल मार्केटिंगमध्ये नव्याने आलेली मुलं फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती चालवायला मेटाचा अ‍ॅड्स मॅनेजर उघडतात आणि कॉलमांची गर्दी बघूनच गांगरतात. एजन्सीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी एकच सवय लावते. आकडा दिसला की विचारायचं: हा कशाला कशाने भागून आला, आणि मोजला कुणी?

उदाहरण हापूसचं घेऊ. कोकणातला एक बागायतदार पुण्या-मुंबईला घरपोच पेट्या पाठवतो. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मी गोल धरलेत. इन्स्टाग्रामवर २०,००० रुपये खर्च झाले, जाहिरात ४ लाख वेळा दिसली. हजार वेळा दिसायला ५० रुपये पडले, तो सीपीएम. ४,००० क्लिक आले, म्हणजे सीटीआर (दिसलेल्या शंभरातले क्लिक) १ टक्का आणि सीपीसी (एका क्लिकचा खर्च) ५ रुपये. हे सगळं मुलाखतीत विचारतात, तेव्हा तोंडपाठ हवंच. पण क्लायंटचं पोट यावर भरत नाही.

आता त्या ४,००० क्लिककडे नीट बघा. मेटाच्या रिपोर्टमध्ये ‘क्लिक्स ऑल’ आणि ‘लिंक क्लिक्स’ असे दोन वेगळे कॉलम असतात. पहिल्यात कुणी लाइक केलं, पेजच्या नावावर बोट टेकवलं, ‘सी मोअर’ उघडलं, तेही धरलेलं असतं. लिंक दाबून निघालेले लोक वेगळे फक्त दुसऱ्यात दिसतात, म्हणून सीटीआर आणि सीपीसी काढायचे ते त्याच्यावरच. त्याच्याही पुढे ‘लँडिंग पेज व्ह्यूज’ बघा. लिंक क्लिक ४,००० आणि पेज उघडलं २,६०० वेळा, असं दिसलं तर जाहिरातीला हात लावू नका, आधी साइट तपासा. बागेचे जडच्या जड फोटो तसेच चढवलेले असतात, पेज उघडेपर्यंत गिऱ्हाईक परत रील्सवर गेलेलं असतं.

ऑर्डरी आल्या ५२. दोन डझनांची पेटी १,५०० रुपयांना, म्हणजे विक्री ७८,००० रुपये. भागिले खर्च २०,०००, हा रोआस (जाहिरातीच्या एका रुपयामागे झालेली विक्री) ३.९. रुपयाला जवळजवळ चार रुपये! नवखा माणूस इथे हुरळतो आणि लगेच बजेट वाढवायला निघतो.

थांबा आणि बागायतदाराला फोन करा. आंबा, खोका, पेंढा, कुरिअर, पेमेंट गेटवेचं कमिशन मिळून पेटीला १,१५० रुपये जातात. हातात उरतात ३५०. जाहिरातीचा खर्च पेटीमागे ३८५. म्हणजे प्रत्येक पेटीला ३५ रुपये पदरचे गेले. त्यात जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ताज्या फळांच्या विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे तो कर विक्रीवरच्या करातून वळता करण्याची सवलत, मिळत नाही. खरा खर्च २३,६०० रुपये, तोटा पेटीमागे १०४.

म्हणून कॅम्पेन सुरू करण्याआधी ब्रेक-इव्हन रोआस, म्हणजे ना नफा ना तोटा होईल तो रोआस, काढून ठेवायचा: विक्रीची किंमत भागिले जाहिरातीआधी उरणारी रक्कम. इथे १,५०० भागिले ३५०, म्हणजे ४.२९. जीएसटी धरला तर पाचाच्या थोडा वरच. ज्या मालात निम्मा नफा सुटतो तिथे रोआस २ ला खर्च निघतो. त्यामुळे ‘चांगला रोआस किती?’ असं कुणी विचारलं, की आधी मार्जिन, म्हणजे विक्रीतून किती उरतं, ते विचारा. मीही मुलाखतीत हाच प्रश्न टाकते आणि समोरचा उलट प्रश्न करतो का, ते बघते.

तोट्यात आहे म्हणून कॅम्पेन लगेच बंद करायचं का? तसंही नाही. एप्रिलमध्ये पेटी घेतलेलं घर मे महिन्यात स्वतःहून पुन्हा मागवत असेल, तर दुसऱ्या पेटीचे ३५० पूर्ण सुटतात. हे अ‍ॅड्स मॅनेजर सांगणार नाही. ऑर्डरींची एक्सेल शीट घ्या, फोन नंबरावर पिव्होट लावा (एकाच नंबराच्या ऑर्डरी एकत्र मोजणारा तक्ता), किती जण परत आले ते मोजा.

मोजणाऱ्याचा प्रश्न त्याहून अवघड. मेटा सहसा क्लिकनंतरच्या ७ दिवसांतली, किंवा नुसती जाहिरात दिसल्यावर १ दिवसातली ऑर्डर आपल्या नावावर लावतं. गूगल अ‍ॅड्समध्ये क्लिकनंतर ३० दिवसांची मुदत आधीपासून लावलेली असते. सोमवारी इन्स्टावर जाहिरात दाबलेल्या बाईंनी गुरुवारी गूगलवर शोधून पेटी मागवली, तर दोघंही ती ऑर्डर आपलीच म्हणतात. दोन्ही रिपोर्टांची बेरीज क्लायंटपुढे कधीही ठेवू नका. खरा आकडा ऑर्डरींच्या वहीत असतो. बागेचं नाव टाकूनच शोधणाऱ्यांवर लावलेल्या गूगल जाहिरातीचा रोआस हमखास झकास दिसतो. त्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही, त्यातले बरेच जण तसेही आलेच असते.

आणखी एक खाचखळगा: गूगल अ‍ॅड्स ऑर्डर क्लिकच्या तारखेला लावतं, ऑर्डरच्या तारखेला नाही. म्हणून गेले दोन-तीन दिवस नेहमी पडलेले दिसतात आणि नंतर भरत जातात. एवढ्यावरून घाबरून कॅम्पेन थांबवलेले मी पाहिलेत. तसंच एका क्रिएटिव्हला (जाहिरातीतल्या एका फोटो-व्हिडिओला) पाच ऑर्डरी आणि दुसऱ्याला तीन, एवढ्यावर निकाल देऊ नका. मेटाच्या यंत्रणेलाच शिकून स्थिरावायला एका अ‍ॅड सेटमागे, म्हणजे जाहिरातींच्या एका गटामागे, आठवड्याला साधारण ५० ऑर्डरी लागतात, आणि मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

हातात क्लायंट नसेल तर गूगल अ‍ॅनॅलिटिक्सचं डेमो अकाउंट फुकट उघडता येतं. त्यात गूगलच्या स्वतःच्या मर्चंडाइज स्टोअरचा खरा डेटा आहे. गूगलच्या प्रशिक्षणाच्या साइटवरचे, स्किलशॉपवरचे, कोर्सही मोफत आहेत, पण नुसतं सर्टिफिकेट घेऊन येऊ नका. त्या डेटावर एक पानाचा रिपोर्ट बनवा: कुठून आलेले लोक खरेदी करतात, कुठून आलेले नुसते बघून जातात, आणि बजेट तुमच्या हाती असतं तर कुठलं कमी केलं असतं. मुलाखतीला तेच पान पुढे करा.